मासोळीचं पाचवं चित्र

द्वारकाबाईच्या अंगणवाडीत भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला एकाखाली एक चार चित्रं टांगलेली असत. चित्रं माशाची. गोदावरीच्या काठावरच्या गावात मासा कुणाला नवा नव्हता. उन्हाळ्यात नदी आटून डोह उरत, आणि त्यातली मरळ, वाम, चिलापी धरायला अंगणवाडीतल्या पोरांचे बापच उतरत. पण चित्रातला मासा इथला नव्हता. तो होता सालमन. हे नाव गावात द्वारकाबाईशिवाय कुणी घेत नसे. पोरं त्याला माहेरवाशीण मासोळी म्हणत.

अठ्ठ्याऐंशी साली जालन्याला अंगणवाडीच्या बायांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा ही चित्रं तिच्या वाट्याला आली. कुठल्याशा परदेशी संस्थेनं खोकीभर तक्ते पाठवले होते. द्वारकाबाईची बस उशिरा पोचली. तोवर फळांचे, भाज्यांचे, जनावरांचे तक्ते बायांनी उचलले होते. राहिला होता हा मासा, खाली इंग्रजी मजकूर असलेला. शिकवायला आलेल्या बाईंनी जाता जाता अर्थ सांगितला: हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो, आणि अंडी घालायला उलट्या धारेनं जन्मल्या जागी परत येतो.

चित्रं पाच होती. पहिल्यात नदीच्या तळाशी, खड्यांच्या सांदीत, डाळिंबाच्या दाण्यांसारखी अंडी. दुसऱ्यात बोटभर पिलं, धारेबरोबर खाली निघालेली. तिसऱ्यात समुद्र. चौथ्यात मासोळी लालभडक झालेली, धबधब्यावर उडी मारताना. आणि पाचव्यात ती उथळ पाण्यात कुशीवर पडलेली, कातडी फाटलेली, डोळा उघडा. अंडी घातली की ती मरते, असं बाई म्हणाल्या होत्या.

पाचवं चित्र द्वारकाबाईनं ट्रंकेच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली घातलं. चार-पाच वर्षांच्या लेकरांना हे कशाला, असं तिला वाटलं. ती स्वतः चोविसाव्या वर्षी विधवा झालेली. पदरात एकच लेक, बेबीनंदा. मरण ही काय चीज आहे हे कुणी चित्र काढून सांगावं लागत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"समुद्र म्हंजी तिचं सासर," ती छडीनं दाखवत सांगे. "दिवस गेले, की तिला माहेरचं पाणी बोलावतं. मंग ती निघती."

"न्यायला कोन येतं?"

"कोनी न्हाई. एकटीच येती. वाटेनं खातसुदिक न्हाई."

"बाई, तिचा रस्सा कसा लागतो?"

"रस्सा न्हाई रे, बकासूर," चुलीपाशी पोरांच्या खाऊची सुकडी हलवणारी लालबी ओरडे. लालबी अंगणवाडीची मदतनीस. "पैले सबक सुन. इत्ती मोठी मच्छी तुज्या बापाच्या जाळ्यात बी बसायची न्हाई."

पोरं खदखदून हसत. मग कुणीतरी विचारी, "अंडी घातल्यावर काय करती?"

"काय करंल? अंडी ठेवती अन् जाती परत सासरी," द्वारकाबाई म्हणे.

पाच-सहा वर्षं गोष्ट अशीच चालली. चार चित्रं, आणि पाचव्याच्या जागी तिनं स्वतः रचलेलं एक वाक्य.

त्र्याण्णव साली बेबीनंदाचं लग्न झालं. जावई संपत जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला. राहायची खोली अशा गल्लीत, की तिथून दवाखान्याची पाटी दिसे. पुढच्या वर्षी बेबीनंदाला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात द्वारकाबाई तिला आणायला गेली.

संपत चाचरत म्हणाला, "मामी, हितं दवाखाना हाकेवर हाय. तुम्हीच या ना इकडं म्हैनाभर."

"पहिलटकरीण हाय ती," द्वारकाबाई म्हणाली. "पहिलं बाळंतपण सासरी केलं तर लोक माह्या तोंडात शेन घालतील. मी काय मेले का?"

संपतनं बेबीनंदाची पिशवी बसपर्यंत आणून दिली. ती तर खूशच होती. बसच्या खिडकीतून सगळ्या वाटेनं ती गावाच्या ओळखीच्या खुणा मोजत आली.

गावातल्या गरवार बायांच्या पापण्या खाली ओढून बघायच्या आणि लाल गोळ्या द्यायच्या, हे द्वारकाबाईचंच काम. लेकीची पापणी तिनं ओढून पाहिली. आत धुतलेल्या पांढऱ्या फडक्याचा रंग होता. तिनं गोळ्या दिल्या, शेपू-पालक रांधला, आणि स्वतःची समजूत घातली: आता माहेरी आली आहे, अंग भरेल.

भाद्रपदात, कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी, बेबीनंदा बाळंत झाली. सकाळचे नऊ वाजले असतील. मुलगी. सुईणीनं पोर तिच्या छातीशी लावली. बेबीनंदानं तिच्याकडं नीट बघून घेतलं.

"रंग बापाचा आला," ती म्हणाली. "नाक माहं हाय."

वार पडली, पण रक्त थांबेना. गावात जीप एकच, इस्माईलची, आणि बाजाराच्या दिवशी ती टपावरसुद्धा माणसं घेऊन सकाळीच जाई. बाजार उठल्याशिवाय परत येत नसे. हे सगळ्या गावाला माहीत होतं. द्वारकाबाईलाही. पण बाळंतपण म्हणजे काही बाजाराचा वार बघून येणारी गोष्ट नव्हे, आणि जालन्यात तो वार बघावाही लागला नसता. एक माणूस सायकल हाणत पिंपळगावला गेला. जीप आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. पोर लालबीच्या मांडीवर ठेवून द्वारकाबाई लेकीचं डोकं धरून जीपमध्ये बसली. घनसावंगीच्या फाट्याच्या अलीकडं तिला ते डोकं जड लागलं. इस्माईलनं आरशातून मागं पाहिलं, गाडी थांबवली, आणि काही न विचारता माघारी वळवली.

पडवीत तिला कुशीवर ठेवलं, कारण पाठीखालचं सगळं भिजलेलं होतं. एक डोळा मिटत नव्हता. द्वारकाबाईच्या मनात त्या वेळी ट्रंकेचा तळ येऊन गेला. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही.

नात दुर्गा, बापासारखीच काळी, तिच्यापाशीच वाढली. वर्षभरानं संपतनं दुसरं लग्न केलं. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत, द्वारकाबाईनंही नाही. दुर्गा तीन वर्षांची झाली आणि तिनं विचारलं, "माही आई कुठं हाय?" द्वारकाबाईच्या तोंडात वाक्य तयारच होतं, इतकी वर्षं ते रोज वापरात होतं.

"तुला माह्यापाशी ठिवलं अन् गेली सासरी. जालन्याला हाय."

गावानं ते चालवून घेतलं. एखादं पोर भांडणात "तुही आई मेली" म्हणालं तर दुर्गा शांतपणे सांगे, "न्हाई. जालन्याला हाय." सांगताना तिच्या चेहऱ्यावर कसली शंका नसे. द्वारकाबाईला तो चेहरा बघवत नसे आणि त्याच्याशिवाय करमतही नसे.

दोन हजार साली उन्हाळ्यात संपत आला. जूनमध्ये दुर्गाला पहिलीत घालायचं, तर जालन्यातच घालतो म्हणाला. पोर बापाची, नाही म्हणायला जागा नव्हती. मग त्यानं आवाज खाली आणला.

"मामी, आमच्या उषाला मूलबाळ न्हाई झालं. ती जीव लावीन. पोरीला तसंबी वाटून राह्यलंय, आई जालन्याला हाय. मंग हीच आई म्हनून सांगू. लहान हाय. चालून जाईन."

"अन् बेबी?"

संपतनं जमिनीकडं बघत विचारलं, "ती काय आता येनार हाय का?"

तो गेल्यावर लालबी म्हणाली, "बुरा नको मानू बाई. पोरगी खुश राहीन. झूट तर आपनच बोलले ना? वो तो बस पुरा करून राह्यला."

द्वारकाबाईला त्यात सुटकाही दिसत होती, आणि ती दिसते याचीच तिला शिसारी येत होती. पोर त्या बाईला आई म्हणेल. मग बेबीनंदा कुठं, कशी, कुणामुळं, हे कुणी कधीच विचारणार नाही. लेक एकदा जीपमध्ये गेली. दुसऱ्यांदा अशी जाईल, कसलाही आवाज न करता. पंधरा दिवस ती हो म्हणून झोपे आणि नाही म्हणून उठे. इकडं दुर्गा गावभर सांगत सुटली होती, "मी आईकडं चालले."

शनिवारी संपत न्यायला येणार होता. गुरुवारी अंगणवाडीत दुर्गानं छडी हातात घेतली. मोठी म्हणून लहानांना गोष्ट सांगायचा मान तिचा. गोष्ट तिला तोंडपाठ होती. द्वारकाबाईच्याच आवाजात, तिच्यासारखेच हातवारे करत ती सांगत होती. दारापाशी द्वारकाबाई वाट्यांमध्ये सुकडी वाढत होती.

"...मंग ती अंडी ठिवती अन् जाती परत सासरी," दुर्गानं संपवलं.

कचरूची धाकटी पोर पुढ्यातच बसली होती. तिनं विचारलं, "अंडं संगं का न्हाई नेलं?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. दुर्गानं चित्राकडं बघितलं.

"तिला ते आवडलं न्हाई," ती म्हणाली. मग आठवल्यासारखं करून, "काळं व्हतं ते."

ती हे रडून म्हणाली नाही. पोरं जसं मासोळी लाल असते म्हणून सांगतात, तसं सांगितलं. तिच्या मनात ही गोष्ट कधीची ठरून गेलेली होती.

द्वारकाबाईनं डाव पातेल्यात ठेवला. तिनं पोरांच्या हातात वाट्या दिल्या आणि घरी जाऊन खा म्हणाली. लालबीला सगळं कळलं. "बाई, सोच लेव," ती म्हणाली. पण दार तिनंच लोटून घेतलं.

ट्रंकेच्या तळाला चित्र ओलीनं चिकटलं होतं. काढताना वर्तमानपत्राचा एक तुकडा त्याच्या पाठीला लागून आला. द्वारकाबाईनं भिंतीवरची चारही चित्रं उतरवली, जमिनीवर ओळीनं मांडली, आणि शेवटी पाचवं ठेवलं.

"गोष्ट पुरी न्हाई सांगितली मी," ती म्हणाली. "ती परत जात न्हाई. अंडी घालती अन् तिथंच मरती."

दुर्गानं वाकून बघितलं. माशाच्या उघड्या डोळ्यावर बोट ठेवलं. "हिला कोनी खाल्लं?"

"न्हाई. तिथंच सडती, पान्यात मिळती. मंग त्याच पान्यावर पिलं जगतेत."

दुर्गानं चित्रावरची नजर न काढता विचारलं, "माही आई जालन्याला न्हाई?"

"न्हाई. तू आलीस त्याच दिवशी मेली. तुला टाकून न्हाई गेली, बाई. छातीशी धरून बघितलं तुला. म्हनली, रंग बापाचा आला, नाक माहं हाय."

दुर्गाचा हात नाकाकडं गेला आणि तिथंच थांबला.

"मंग जालन्याला कोन हाय?"

"उषाबाई. ती तुला जेवू घालीन, येनी घालीन. तिला आई म्हन. पर जलम दिला तिचं नाव बेबीनंदा. इसरू नको."

दुर्गानं चौथं आणि पाचवं चित्र जवळजवळ ओढलं. धबधब्यावर उडी मारणारी आणि कुशीवर पडलेली. एकीकडून दुसरीकडं ती बघत राहिली. तिला काही जुळवायचं होतं.

"हिला वर कोनं बोलावलं व्हतं?"

माहेरच्या पाण्यानं, हे उत्तर गोष्टीतच होतं. बारा वर्षं द्वारकाबाई तेच देत आली होती. लालबीनं तिच्याकडं पाहिलं आणि मान किंचित हलवली, नको म्हणून.

"म्या," द्वारकाबाई म्हणाली. "तुह्या आईला म्या बोलावलं. तिकडं दवाखाना व्हता. बाप तुहा नको म्हनत व्हता. म्या ऐकलं न्हाई."

दुर्गा उठली. बाहेर चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. संध्याकाळी जेवली, पण आजीच्या हातचा घास घेतला नाही. स्वतःच्या हातानं जेवली.

शनिवारी संपत आला. दुर्गानं पिशवी स्वतः भरली: दोन फ्रॉक, पाटी, आणि खालच्या बाजूला ते पाचवं चित्र. द्वारकाबाईला ते दिसलं. तिनं काढून घेतलं नाही. इस्माईलच्या जीपमध्ये बसताना पोरीनं लालबीचा हात धरला, सोडला. आजीकडं ती बघत होती, पण हात पुढं केला नाही. जीप गेल्यावर लालबी रडली. द्वारकाबाई आत जाऊन पातेलं घासत बसली.

जूनमध्ये नवी पोरं आली. खिळ्याला पुन्हा चार चित्रं लागली. द्वारकाबाई गोष्ट सांगते, मासोळी उलट्या धारेनं येते, उड्या मारते, लाल होते. चौथ्या चित्रानंतर ती छडी खाली, कोऱ्या भिंतीवर टेकवते आणि सांगते, इथं ती मरते. पोरं भिंतीकडं टक लावून बघतात. तिथं पोपडे आलेला चुना असतो.

"बाई, चित्र कुठं हाय?" कुणीतरी विचारतंच.

"जालन्याला हाय," ती म्हणते, आणि सुकडी वाढायला उठते.