वरचा सज्जा

बार्बाडोसमध्ये राहत असताना माझ्या घरमालकीण मार्थाबाई एका रविवारी मला जुन्या इंग्रजी चर्चमध्ये घेऊन गेल्या. बाहेर उसाची शेतं वाऱ्यानं सळसळत होती. आत गेल्यावर वरच्या अरुंद सज्ज्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "गुलामांना तिथं बसवायचे. माझ्या पणजीची आईही तिथंच बसायची. मालकानं तिचं मूल विकलं, तेव्हा ती रडत पाद्रीबाबांकडे गेली. ते म्हणाले, मालकाची आज्ञा पाळ, देव स्वर्गात सगळं भरून देईल."

देवाचं नाव घेऊन माणसाला इतकं एकटं पाडता येतं, या विचारानं मला बसवेना.

"तरी तुम्ही इथंच येता?" मी विचारलं.

"जाऊ कुठे? आफ्रिकेतून आणण्याआधी तिच्या माणसांचा देव कोणता होता, हे सांगणारं कुणी उरलंच नाही."

एवढं बोलून त्या गुडघे टेकून बसल्या आणि पाद्र्यांनी शिकवलेलीच प्रार्थना पुटपुटू लागल्या.