बसला का?

मंडईजवळ घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ते खेळण्यातल्या मालगाडीचा बोटभर डबा उलटा धरून चाकांवरची जागा कानशीने घासत बसायचे. डबा रुळांवर फार उंच दिसतो, म्हणून. घासायचं, फुंकर मारायची, रुळावर ठेवायचा आणि काउंटरला गाल टेकवून एका डोळ्याने बघायचं.

एकदा त्यांनी विचारलं, "बसला का?"

"हो, बसलो," मी स्टुलावरून म्हणालो.

"तुम्ही नाही हो, डबा!"

समोर दोन डबे होते, एक घासलेला, एक तसाच. मला दोन्ही सारखेच दिसले. अंदाजाने डावीकडचा दाखवून म्हटलं, "हा अगदी खरा वाटतो."

"तो अजून घासायचाय. तुम्ही मालगाडी कधी पाहिलीच नाहीत. नुसती जाऊ दिलीत."

परवा हडपसरच्या पुढे फाटकात मालगाडी आली, तेव्हा स्कूटरवरून उतरून वाकून चाकांकडे बघत राहिलो. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मी वाकलेलाच. ते खरे डबे मला जरा उंचच वाटले होते.