झाडून काढलेली माती

माती हातात घेतली की मावशी आधी हुंगायची. मग निकाल द्यायची, "जिती हाये." नाहीतर, "मेली हाये." प्रयोगशाळेचा कागद महिन्याभराने यायचा आणि तेच सांगायचा.

बालाघाटकडच्या एका जुन्या मँगनीज खाणीच्या काळ्या ढिगाऱ्यावर झाडं जगवायचं आमचं काम होतं. मी लालबर्र्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. मावशी रोजीवरची. ढिगाऱ्याची धूळ वाहून तिच्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, बसायची, म्हणून ती या कामाला चिकटली होती.

जंगलातल्या जुन्या झाडांखालची माती ती टोपलीने आणायची आणि प्रत्येक खड्ड्यात मूठभर टाकायची. त्या मातीत बुरशीचे पांढरे धागे असतात. ते मुळांना धरून राहतात, धातूचं विष अडवतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती म्हणायची, "विरजण हाये हे. दुधाले लागते, मातीले नाही लागत का?"

तीन वर्षांत ढिगारा हिरवा झाला. पाल्याखाली धागे पसरले. तिथे चप्पल घालून गेलेल्या इंजिनिअरलाही तिने चप्पल काढायला लावली होती.

मग मोठे साहेब पाहणीला येणार, असा निरोप आला. आपल्याकडे साहेब यायचे म्हटलं की काय होतं, तुम्ही पाहिलंच असेल. खराटे आले. पाला जाळला, वरची माती खरवडली, बुंध्यांना गेरू-चुना फासला. मीही खराटा धरला. नोकरी कंत्राटी होती, आणि ती दिल्याबद्दल मी सगळ्यांचे उपकार मानत होतो.

मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"त्याइले ठाऊक नव्हतं. तुले तं ठाऊक होतं ना, बाबू? मंग काहून झाडलं?"

साहेब दहा मिनिटं थांबले. 'स्वच्छता उत्तम' असा शेरा देऊन गेले. उन्हाळ्यात झाडं पिवळी पडून वाळली. कारण लिहिलं गेलं, मजुरांचा निष्काळजीपणा. मावशीला काढलं. तो कागद मीच टाईप केला. त्या साहेबांचा राग येतो, पण स्वतःचा जास्त येतो.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. बांधीत आता काळा थर आहे.

ढिगाऱ्यामागे साहेब जाणार नव्हते, म्हणून तिकडे खराटा पोचला नाही. तिथली पाच करंजाची झाडं अजून उभी आहेत. परवा चपला काढून गेलो, पाला सारला, माती हुंगली. टोपली भरली. तिच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, खड्डे खणून ठेवले आहेत.

फाटकावर चौकीदाराने अडवलं. "क्या ले जा रहे हो, सर?"

"विरजण," मी म्हणालो.