चार आणे विहीर

आप्पा आमच्याकडे राहायला आले ते दोन पिशव्या आणि एक अट घेऊन. पिशव्यांत कपडे होते. अट अशी, की दुधाचे पैसे ते देणार. निगडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना स्वतंत्र खोली होती, जावई त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही, तरी फोनवर कुणी विचारलं की ते सांगायचे, "सध्या लेकीकडं हाय." त्या 'सध्या'चा मला फार राग यायचा. आई गेलेली, मी एकुलती एक. दुसरीकडे जाणार कुठे होते?

त्यांच्या मनात मात्र जाण्याची जागा पक्की होती. चाकणच्या अलीकडे आमचं गाव. मी कॉलेजात असताना आमची जमीन कारखानदारीत गेली. जमीन दिली तरी काकांच्या, म्हणजे आप्पांच्या चुलतभावाच्या शेतातल्या विहिरीत आमचा चार आणे हिस्सा होता, तो आप्पांनी राखून ठेवला. विहिरीवर प्रत्येक हिस्सेदाराचा एकेक वार, आमचा गुरुवार. आता भिजवायला शेतच नव्हतं. पण आप्पा दर गुरुवारी पांढरा सदरा घालून निगडीहून बस पकडायचे, गावी जाऊन मोटर चालू करायचे, काकांच्याच मिरचीला पाणी सोडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. काका हसायचे, पण गुरुवारी स्वतः मोटरीला हात लावायचे नाहीत.

त्या विहिरीच्या कडेला एक गुंठा घ्यायचा आणि दोन खोल्या बांधायच्या, हे आप्पांचं ठरलेलं होतं. त्यासाठी जमिनीच्या पैशातले थोडे त्यांनी बँकेत ठेवले होते. आधार कार्डावर गावचा जुना पत्ता होता, तो ते बदलू देत नव्हते. "परत बदलावा लागंल, कशाला उगं हेलपाटं," म्हणायचे.

मी तळवड्याला आयटी कंपनीत आहे. तेव्हा आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत सगळे डब्याबरोबर शेअर चघळत असायचे. भारतातले कमी पडले म्हणून अमेरिकेतले. एकाने तिथल्या तेलाच्या रॉयल्टी कंपन्यांचं काढलं. अशी कंपनी स्वतः विहीर खोदत नाही. तिच्याकडे जमिनीखालच्या तेलाचा आणि गॅसचा फक्त हक्क असतो. खोदणारा दुसरा, खर्च त्याचा, तेल निघालं की हिस्सा हिचा, आणि तो हिस्सा ती दर तीन महिन्यांनी शेअरवाल्यांना वाटून टाकते. मला ही कल्पना फारच आवडली. त्या संध्याकाळी पावट्याच्या शेंगा सोलत बसलेल्या आप्पांना मी ती सांगितली, खरं तर आपली अक्कल दाखवायलाच.

"आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं," मी म्हणाले. "तिकडे जमीनमालकाचं असतं. वरची जमीन विकली तरी खालचा हक्क राखून ठेवता येतो."

आप्पांचा हात शेंगेवर थांबला. "जमीन इकून बी?"

"हो."

"म्हंजी आपल्या चार आण्यावानी." ते बराच वेळ खूश होते. मग म्हणाले, "बँकेतलं टाक त्याच्यात. तुझ्या नावावर घे. तुला तरी कुठं काय दिलं मी."

मी घेतले. पहिल्यांदा डॉलर जमा झाले तेव्हा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. अमेरिकेचं सरकार पाव भाग कर कापून घेतं हे कळल्यावर म्हणाले, "मधी पाटकरी बसलाय व्हय, पानी वळवून घ्यायला." तेव्हापासून दर तीन महिन्यांनी विचारायचे, "पाणी आलं का?" आलं म्हटलं की त्या दिवशी जिलेबी. ते काही मोठं घबाड नव्हतं. पण त्यांचा ताठ झालेला कणा मला दिसत होता, आणि तो माझ्यामुळे झाला याचा मला गर्व होता.

पुढे तेल महागलं आणि शेअर दीडपट झाला. त्याच सुमारास काका स्वतः निगडीला आले. गावात गोदामवाले फिरायला लागले होते. चहा पिता पिता ते म्हणाले, "विहिरीजवळचा गुंठा तुला द्यायचा. घरचा माणूस आदी. पर लवकर बघ."

काका गेल्यावर मी हिशेब मांडला. सगळे शेअर विकले आणि थोडी भर मी घातली, तर गुंठा येत होता. मी म्हणाले, "आप्पा, विकू या."

"इकायचा?" मी त्यांच्याच तोंडावर त्यांचा अपमान केल्यासारखे ते बघत राहिले. "चालू पान्याचा हिस्सा कोन इकतं का? त्या पान्यावरच घेऊ की गुंठा. दोन वरसं थांब म्हनतो त्याला."

आमच्या पट्ट्यात ज्याने घाई करून विकलं तो आज त्याच कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा आहे, आणि जो थांबला त्याचा बंगला आहे. प्रत्येक घराने हेच पाहिलेलं. थांबून कुणी फसलं, असं उदाहरण गावात शोधून सापडलं नसतं. माझी शेअरची अक्कल या शहाणपणापुढे चार दिवसांची होती. शिवाय मलाही ते पटलं. आपण कसले व्यापारी, आपण हिस्सेदार, असं मीही ऑफिसात ऐटीत सांगत होते.

काका थांबले. आमच्याकडचं पाणी मात्र कमी होऊ लागलं.

"पाणी आलं का?"

"आलं, पण कमी."

"उन्हाळा असंल," आप्पा म्हणाले. पुढच्या खेपेला त्याहून कमी आलं. तेव्हा मी पहिल्यांदा कंपनीचा अहवाल नीट वाचायला घेतला. नव्या विहिरीतून तेल सुरुवातीला जोरात येतं, मग दरवर्षी कमी होत जातं. नव्या विहिरी खोदल्या जात राहिल्या तरच हिस्सा टिकतो. तेलाचा भाव उतरला आणि खोदणाऱ्यांनी हात आखडता घेतला. कंपनीने काहीच लपवलं नव्हतं, सगळं सरळ इंग्रजीत छापलेलं होतं. नवी बोअर पहिल्या दिवशी उसळते आणि मग तिचा जोर जातो, हे तर आम्हा दोघांना कुणी शिकवायला नको होतं. ते आम्हाला इतक्या लांबच्या विहिरीला लावावंसंच वाटलं नाही. अजूनही चिडचिड होते ती याच गोष्टीची.

शेअर घेतल्या भावाच्या निम्म्यावर आला. गुंठ्याचा भाव उलट दिशेने गेला होता. मी कर्ज काढते म्हटलं तर आप्पांनी हातानेच नको म्हटलं. काकांनी शब्दापेक्षा जास्त वाट पाहिली, त्यांना मी दोष देणार नाही. मुलाच्या वर्कशॉपसाठी पैसे लागले तेव्हा त्यांनी अख्खं शेत गोदामवाल्याला दिलं. आमच्या चार आण्यांचं विचारायला कुणी आलं नाही.

एका गुरुवारी आप्पा नेहमीप्रमाणे गेले आणि दुपारीच परत आले. मी घरून काम करत होते. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले.

"बुजवली," म्हणाले.

मी लॅपटॉप बंद केला. त्यांनी पांढरा सदरा काढून खुंटीला अडकवला. त्यानंतर त्यांनी "पाणी आलं का" हे कधीच विचारलं नाही. जे थोडं येतं त्याची जिलेबी मी एकदा आणली. त्यांनी खाल्ली, आणि मला ती आणल्याचं वाईट वाटलं.

नंतरच्या एका गुरुवारी ते सकाळीच पांढरा सदरा घालून तयार होते. मला वाटलं, सवयीने बस पकडायला निघालेत. ते म्हणाले, "सुट्टी हाय ना तुला? चल, आधारवरचा पत्ता बदलून घेऊ."

चिंचवडच्या केंद्रावर गर्दी होती. आप्पा माझी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले होते. नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने आमचे कागद चाळले आणि त्यांच्याकडे बघून विचारलं, "आजोबा, तुम्ही राहता कुठे?"

"लेकीकडं," आप्पा म्हणाले.

मी थांबले. इतकी वर्षं ज्या शब्दाने माझा जीव जाळला, तो 'सध्या' आता तरी येईल म्हणून कान देऊन उभी राहिले. मुलीने पत्ता टाइप करून स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं. आप्पांनी चष्मा न लावताच मान हलवली.