सासरे, घोणस आणि मी लावलेली कडी

चहा घ्या आधी, गार होईल. सांगतो. पण घोटावड्याला आमच्या सासुरवाडीत कुणी विचारलं, तर हे माझ्याकडून ऐकलं म्हणू नका.

लोक सासरे घरी आले की त्यांना पाटावर बसवतात, पुरणपोळी वाढतात. मी माझ्या सासऱ्यांना घोणशीबरोबर एका खोलीत कोंडलं. बाहेरून कडी लावून. वर दाराखाली टॉवेलसुद्धा कोंबला, फट राहू नये म्हणून.

हसू नका. त्या दिवशी कुणीही हसत नव्हतं.

आम्ही पिरंगुटजवळ चांद्याला राहतो, ते तुम्हाला माहीत आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मागची खोली, वर आम्ही. मागच्या खोलीला लागून एक मोकळा प्लॉट. कुणीतरी घर बांधायचं म्हणून घेतला आणि राडारोडा टाकून विसरून गेला. आता तिथे कमरेएवढं गवत, फुटक्या फरशा आणि उंदीर. उंदीर आले की त्यांच्या मागून कोण येतं, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. घरात पाहून नव्हतं.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. वर, दार लावून, कानाला हेडफोन. आमचे साहेब मीटिंगमध्ये एकेकाला धारेवर धरत होते आणि माझा नंबर जवळ येत होता. तेवढ्यात ज्योतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दारातून डोकं आत घालून काहीतरी सांगितलं. मी मान हलवून "हो हो" म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं "हो हो" म्हणजे ऐकलं असं कोणती बायको धरते? पण त्या दिवशी तिनं धरलं आणि ती पिरंगुटला बँकेत गेली.

ती म्हणाली होती, "आप्पा आलेत. जेवून मागच्या खोलीत झोपलेत."

मी काय ऐकलं? काहीच नाही.

मीटिंग संपली. चहा करावा म्हणून मी खाली आलो आणि शेवटच्या पायरीवरच थांबलो. मागच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळातून, भिंतीच्या कडेकडेनं काहीतरी सरकत होतं. आधी मला वाटलं, जाड दोरखंड कुणी ओढतंय. मग अंगावरची नक्षी दिसली. तपकिरी, गोल गोल, साखळीच्या कड्या एकापुढे एक मांडाव्यात तशी. अंग माझ्या मनगटाहून जाड. घाई नाही, गडबड नाही. घर त्याचंच असल्यासारखं ते अर्धवट उघड्या दारातून मागच्या खोलीत शिरलं.

खरं सांगतो, पायाच्या तळव्यांना घाम फुटतो हे मला तेव्हा कळलं.

आमच्या कॉलनीत मागे एक सर्पमित्र ताई येऊन गेल्या होत्या. सुरेखाताई त्यांचं नाव. त्यांनी सांगितलेलं मला आठवत होतं. मारायला जायचं नाही, पकडायला तर नाहीच. लांब राहायचं, नजर ठेवायची. खोलीत गेलाच तर माणसं बाहेर काढायची, दार लावायचं, फट बुजवायची आणि फोन करायचा.

यातलं "माणसं बाहेर काढायची" एवढं सोडून बाकी सगळं मी अगदी नीट केलं. खोलीत माणूस आहे असं वाटतच नव्हतं, तर काढणार कुणाला? पडदे ओढलेले, आत अंधार. मी लांबूनच फरशी पुसायच्या काठीनं दार ओढलं, जीव मुठीत धरून कडी सरकवली, काठीनंच टॉवेल फटीत सारला आणि सुरेखाताईंना फोन लावला.

"साखळीसारखी नक्षी? मग घोणसच. विषारी आहे," त्या म्हणाल्या. "मी घोटावड्याच्या पुढे आहे, निघते. दार उघडू नका. आत कुणी नाही ना?"

"कुणी नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

शेजारचे मुलाणीकाका तोवर आले. पौडच्या बाजारपेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, दुपारी जेवायला घरी येतात. आम्ही दोघं हॉलच्या टोकाला उभे राहून त्या बंद दाराकडे बघत होतो.

आणि आतून आवाज आला.

घर्रर्र... मग जरा शांत. मग लांबलचक फुस्स्स.

मुलाणीकाकांनी माझा दंड धरला. "ऐकलंत?"

"घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते म्हणतात," मी कुजबुजलो.

"पण ही घोरल्यासारखी पण करतीय."

मी पुन्हा सुरेखाताईंना फोन केला आणि लांबूनच मोबाईल दाराकडे धरला. त्या गाडी बाजूला घेऊन ऐकत होत्या.

"विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "कुणी जवळ गेल्याशिवाय ती एवढा वेळ फुत्कारत नाही. आत मांजर वगैरे आहे का?"

"नाही हो."

"मग दुसरा साप असेल. तुम्ही लांबच राहा."

झालं. एकाचे दोन झाले. मी ताबडतोब कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, 'आमच्या घरात दोन घोणशी, मुलांना बाहेर सोडू नका.' कुणी लिहिलं, जोडी असेल. कुणी लिहिलं, मग पिल्लं पण असणार. घोणशीला एकदम ढीगभर पिल्लं होतात म्हणे. फाटकाबाहेर माणसं जमली. आत तो आवाज तालात चालू. मुलाणीकाका कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "एक घर्र करतीय आन् दुसरी फुस्स करतीय." आणि मला ते पटलं. तुम्हाला आता कळलं असेल. मला तेव्हा नाही कळलं.

ज्योती परत आली तेव्हा फाटकाशी गर्दी होती. तिनं गर्दी पाहिली, दारात तशाच पडलेल्या आप्पांच्या चपला पाहिल्या.

"काय झालं?"

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "मागच्या खोलीत साप आहे, पण मी कडी लावून घेतलीय."

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "अहो, आप्पा कुठंयत?"

"कोण आप्पा?"

असा प्रश्न जावयानं विचारावा का? पण विचारला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरून मला सगळं उमगलं. तो घर्र, तो फुस्स, ते सगळं.

ती दाराकडे धावली. मी तिला धरलं. दार धाडकन उघडलं, आप्पा दचकून खाली उतरले, तर? आम्ही मागच्या बाजूनं खिडकीकडे गेलो. काठी आपटत, गवत चुकवत, कारण तिथे आणखी कोण असेल याचा आता भरवसा नव्हता. मी गजांतून काठीनं पडदा बाजूला केला.

आप्पा खाटेवर उताणे झोपले होते. तोंड उघडं. एक हात खाटेवरून खाली लोंबत होता, बोटं फरशीपासून वीतभर वर. आणि खाटेच्या पायाशी, त्या बोटांपासून फार लांब नाही, वेटोळं होतं.

मी सुरेखाताईंना फोन लावला, पण शब्द जुळेनात. ज्योतीनं तो हिसकावून घेतला.

"ओरडू नका," सुरेखाताई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज बदलला होता. "काही फेकू नका. त्यांना हळूच जागं करता आलं तर करा, हातपाय वर घेऊन बसू द्या. वर बसले तर ती उगाच अंगावर येणार नाही. मी पोचतेच."

हळूच जागं करायचं कसं? आप्पांना कमी ऐकू येतं. हळू हाक पोचत नव्हती. मोबाईल वाजवला तर त्यांची सवय अशी, की आधी पाय खाली टाकायचे आणि मग फोन शोधायचा.

"पंखा," ज्योती म्हणाली. "पंखा बंद झाला की आप्पांना जाग येतीच." ती पुढे पळाली आणि तिनं मेन स्विच पाडला.

पंखा हळूहळू थांबला. घोरणंही थांबलं. आप्पा पुटपुटले, "गेली का लाईट..." आणि एक पाय खाटेवरून खाली सोडायला लागले.

"आप्पा," ज्योती धापा टाकत खिडकीशी आली होती. "पाय वर घ्या. सावकाश. खाटंखाली घोणस हाय."

शेतावर जन्म गेलेला माणूस. ना किंचाळले, ना उडी मारली. पाय वर घेतला. हात वर घेतला. मांडी घालून बसले. पण त्यांच्या ओठांचा रंग गेलेला मला खिडकीतून दिसत होता.

"हलली का ती?" त्यांनी विचारलं.

हलली होती. आवाजानं असेल, वेटोळं सुटत होतं. खाटेवरच्या चादरीचं एक टोक जमिनीला टेकलं होतं आणि ती त्याच टोकाकडे सरकत होती. मी सांगितलं. आप्पांनी चादर दोन्ही हातांनी धरली आणि सुतासुतानं वर ओढायला लागले. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, देवाचं नाव चाललं असावं. ज्योतीची नखं माझ्या दंडात रुतली होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, आणखी रुतव, पण यांना काही होऊ नये.

चादर वर गेली. घोणस थोडा वेळ तिथेच थांबली, जीभ आतबाहेर करत. मग वळून भिंतीच्या कोपऱ्यात गेली.

मग आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "दार उघडा की. जाऊ द्या तिला भाईर."

"नको आप्पा, घरात कुठंबी शिरंल. ताई येतायत, त्या धरतील," ज्योती म्हणाली.

"पर दार लावलं कुनी?"

मी पडद्याकडे बघायला लागलो. मुलाणीकाकाही मागून येऊन उभे होते, ते आकाशाकडे बघायला लागले.

सुरेखाताई आल्या. लाईट लावायला सांगितली, टॉवेल काढला, दार उघडलं. त्यांच्याकडे लांब आकडा होता आणि तोंडाला पाईप बसवलेली काळी पिशवी. त्यांनी पाईप कोपऱ्याकडे सरकवला आणि आकड्यानं तिला नुसती वाट दाखवली. तेव्हा ती पहिल्यांदा फुत्कारली. खरी. तो आवाज ऐकून मी खिडकीचा गज घट्ट धरला. मग अंधार बघून ती आपणहून पाईपमध्ये गेली. पिशवीचं तोंड बांधलं गेलं.

एकच निघाली. दुसरी नव्हतीच.

आप्पा खाटेवरून उतरले, भिंत धरून बाहेर आले. ज्योती त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी पाणी दिलं, त्यातलं अर्धं त्यांच्या सदऱ्यावरच सांडलं. मग मीच सांगून टाकलं, कडी मी लावली, ज्योतीनं सांगितलेलं मी ऐकलंच नाही, आणि तुमच्या घोरण्याला मी साप समजलो.

आप्पा पाणी प्यायले, तोंड पुसलं. सुरेखाताई वनखात्याला कळवून निघायच्या तयारीत होत्या, त्यांना त्यांनी थांबवलं.

"ताई, आजून एक पिशवी हाय का?"

"आहे की. का हो? आणखी एक दिसली का?"

आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्ये बी घिऊन जा जंगलात."

सुरेखाताईंनी मला निरखून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "विषारी आहे का?"

आप्पांनी माझ्या पायांपासून सुरुवात केली आणि नजर सावकाश डोक्यापर्यंत नेली. मी सहा फुटाच्या वर आहे, त्याला वेळ लागला.

"न्हाई," ते म्हणाले. "नुस्तंच लांबडं हाय."