सासूबाईंचा आजार

बायको वेगळी राहायला गेली तेव्हा मी जुळे सोलापूर भागातल्या आमच्या सगळ्या बिल्डिंगला सांगितलं की सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, म्हणून ती पंढरपूरला माहेरी गेली आहे. सासूबाई ठणठणीत होत्या.

चार लोकांत बायकोची थट्टा करायची मला सवय होती. पाहुणे हसायचे आणि ती आत निघून जायची. वीस वर्षांनी तिने घटस्फोट मागितला. मी नको म्हणालो. मग तिच्या वकीलबाईंनी आम्हा दोघांना न्यायिक विभक्ततेचा मार्ग सांगितला. ‘‘लग्न मोडत नाही. पण एकत्र राहायचं बंधनही राहत नाही. दोघांनाही दुसरं लग्न मात्र करता येत नाही. पुढं वर्षभरात एकत्र आला नाहीत, तर घटस्फोट मागता येतो.’’

बायको विचार करून हो म्हणाली. तिने अर्ज केला, मी विरोध केला नाही, कोर्टाने तो मंजूर केला. परत येण्याची वाट उघडी राहावी म्हणून मी हे स्वीकारलं, असं वकीलबाईंना सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की मला ‘घटस्फोटित’ म्हणवून घ्यायचं नव्हतं.

काही महिन्यांनी शेजारच्या काकू दर्शनाला पंढरपूरला गेल्या आणि माझ्याकडून पत्ता घेतलेला नसतानाही विचारत विचारत सासूबाईंच्या घरी पोचल्या. हातात मोसंबी. बायको तेव्हा शाळेत शिकवायला गेली होती. दार सासूबाईंनीच उघडलं.

‘‘आता कसं वाटतंय तुम्हाला?’’ काकूंनी विचारलं.

सासूबाईंनी मोसंबीची पिशवी हातात घेतली. मग म्हणाल्या, ‘‘बरं आहे आता. उठून बसते.’’

संध्याकाळी बायकोचा फोन आला. ‘‘आई तुमच्यासाठी खोटं बोलली. जन्मात कधी बोलली नव्हती. मोसंबी समोर ठेवून बसलीय, खात नाही.’’ एवढं बोलून तिने फोन ठेवला.

रविवारी मी एसटीने पंढरपूर गाठलं. बायको आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

‘‘मला आजारी पाडलंत, त्याचं काही नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण माझ्या लेकीने काय गुन्हा केलाय, की ती इथं का राहते हे तुम्हाला लपवावं लागतं?’’

चहा न घेताच मी निघालो.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आम्ही कोर्टातून वेगळे झालोय, चूक माझी होती, सासूबाईंना काहीही झालेलं नाही.

काकू म्हणाल्या, ‘‘मला तेव्हाच कळलं होतं की. अंथरुणाला खिळलेली बाई मला रिक्षापर्यंत सोडायला आली.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘तिला सांगितलंत का, चूक तुमची म्हणून?’’

नव्हतं सांगितलं. शेजारणीला सांगितलं होतं, बायकोला नाही. त्याच दुपारी फोन करून सांगितलं, आणि घटस्फोट हवा असेल तर आता मी अडवणार नाही, हेही.

ती म्हणाली, ‘‘आत्ता मला हे असंच बरं आहे. पुढचं मी ठरवेन. तुम्ही विचारू नका.’’

त्यानंतर मी विचारलेलं नाही. कुणी चौकशी केली, तर आम्ही वेगळे राहतो, एवढं सांगतो. सांगताना अजूनही मान खाली जाते.