डब्याची खूण

माणसं मला बरोबर ओळखता येतात, असं मी बेळगावातल्या अनगोळच्या शाळेत तीस वर्षं मुलांना ऐकवत आलो. आमची बेबी, म्हणजे माझी बायको, यावर नुसती हसायची. गेल्या वर्षापासून मी ते वाक्य बोलायचं सोडलंय, आणि तिनंही हसायचं.

मंगल माझी विद्यार्थिनी. मूळची कडोलीची, शिकायला अनगोळात मावशीकडे राहिलेली, पुढं उचगावात दिली. वर्गात फार हुशार वगैरे नव्हती. पण इतिहास शिकवताना मी रंगात येऊन एखादी ऐकीव गोष्ट ठोकून दिली की मागच्या बाकावरून हिचा हात वर यायचा. "सर, हे कुणी बघितलेलं?" या एका प्रश्नानं माझी कितीतरी चांगली व्याख्यानं जमीनदोस्त केली. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, तीस वर्षांत माझ्या वर्गात खरा इतिहास शिकलेली ती एकटीच.

उचगावात ती ब्लाऊज शिवते. मशीन पुढच्या खोलीत, मोबाईल मशीनच्या कडेला. कोरोनाच्या काळात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय वाटेल ते यायला लागलं, तेव्हा तिनं आपणहून एक काम अंगावर घेतलं. कुठलाही मेसेज आला की ती त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावायची. बहीण निपाणीत, मावसभाऊ खानापुरात, ब्लाऊजची गिऱ्हाइकं तर सगळ्या तालुक्यात. विचारायची आणि ग्रुपवर एका ओळीत लिहायची, "खोटं आहे" नाहीतर "खरं आहे". चारशे माणसांचा ग्रुप, पण पुढं पुढं कुणी काही पाठवलं की खाली लगेच प्रश्न यायचा, "मंगलाक्का, खरं काय?" तिनं खरं म्हटल्याशिवाय गावात कुणी बाजारबंदसुद्धा पाळत नसे. तिची मिळकत म्हणायची तर हीच.

एकदा मी तिला विचारलं, तुला फोन लावायच्या आधीच कसं कळतं गं?

"सर, खोटं लिवणाऱ्याला रक्त सुचतंय, गर्दी सुचतिया, पण डबा सुचत न्हाय," ती म्हणाली. "ज्यानं बघितलंय तो कायतरी बारीक सांगतोयच. चप्पल कुठं पडलती, डब्यात काय हुतं. ते नसलं की मी समजते."

मला हे इतकं आवडलं की मी भेटेल त्याला सांगत सुटलो. निशांतलाही मीच सांगितलं.

निशांतही माझाच विद्यार्थी, माझ्या एका वकील मित्राचा मुलगा. दिल्लीत कुठल्याशा संशोधन संस्थेत होता. विषय सायबर संघर्ष आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा. चार वर्षांमागं घरी आला, वाकून नमस्कार केला, बेबीच्या हातचं जेवला आणि मला समजावून सांगू लागला. "सर, आता युद्ध सुरू व्हायला सैन्य हलावं लागत नाही. जिथं आधीच दोन बाजू आहेत, तिथं दुसऱ्या देशात बसलेल्या माणसानं फक्त काडी टाकायची. आपला बेळगाव-निपाणीचा पट्टा म्हणजे अभ्यासाला नमुनेदार."

सीमाभागात जन्म गेलेल्या माणसाला असलं बोलणं किती गोड लागतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्यावर भाषणं खूप झाली, अभ्यास कुणी केला नव्हता. माझाच विद्यार्थी तो करतोय म्हटल्यावर मी हुरळलो. दुसऱ्या दिवशी त्याला स्कूटरवर मागं बसवून उचगावला मीच नेलं.

पहिलं वर्ष काम साधं होतं. फिरणारे मेसेज गोळा करायचे आणि कुठला खोटा, कसा ओळखला, ते लिहून पाठवायचं. मंगलला ते आवडलं. आपण गावासाठी करतो तेच देशासाठी करतोय, असं ती नवऱ्याला सांगायची. मग निशांतनं पुढची मागणी केली. खोटं ओळखायला संगणकाला शिकवायचं तर चांगले खोटे मेसेज हवेत, ते ताईंनी लिहून द्यावेत.

मंगलनं सरळ नकार दिला. "सर, त्याला सांगा, मला खोटं लिवायला जमायचं न्हाय."

आणि मी, शहाणा, तिची समजूत घालायला गेलो. लस कशापासून करतात, शत्रूच्या डोक्यानं विचार का करावा लागतो, असं बरंच काही बोललो. समोर फळा नव्हता एवढंच. शेवटी ती म्हणाली, "तुमी म्हणताय म्हणून लिवते." हे वाक्य मला आज सोडत नाही.

तिनं पन्नासेक मेसेज लिहिले. पहिले काही निशांतला पोकळ वाटले. फोनवर हसत म्हणाला, "ताई, यात तुमचा डबा घाला की." तिनं घातला.

दीड वर्ष गेलं. काम संपलं, निशांतचे फोन थांबले, मंगल ब्लाऊज शिवत राहिली.

शिवरात्रीच्या आधीची गोष्ट. उपवासामुळं रताळ्यांना मागणी असते, आणि आमच्या भागातली रताळी सगळीकडे जातात. मंगलच्या शेजारच्या नागुबाईचा मुलगा भरमू टेम्पो भरून सकाळीच निपाणीकडं गेला होता. टेम्पो कोल्हापूरकडून जुना घेतलेला, नंबरपट्टीही अजून तिकडचीच. अकराच्या सुमाराला गावाच्या ग्रुपवर मेसेज आला. निपाणीच्या अलीकडं हायवेवर एका मराठी ड्रायव्हरला जमावानं टेम्पोतून ओढून मारलं. खाली लिहिलं होतं, "सीटखाली बायकोनं बांधून दिलेला डबा तसाच होता. दोन भाकऱ्या आणि मेथीची भाजी. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं."

भरमूनं वाटेतच तो मेसेज वाचला आणि गाडी कडेला घेऊन मंगलला फोन लावला. "आक्का, खरं काय गं हे? मी संकेश्वरच्या फुडं आलोय."

मंगलनं त्याला थांबवून बहिणीला फोन लावला. तिनं उचलला नाही. तिकडं भरमू वाट बघत होता. मंगलनं मेसेज पुन्हा वाचला, डबा बघितला, आणि इतक्या वर्षांत कधी चुकली नव्हती त्या खुणेवर विश्वास ठेवला. "खरं वाटतंय रं," तिनं त्याला सांगितलं. "हायवे सोड. आतल्या रस्त्यानं जा."

आपण लिहिलेलं तिला ओळखू कसं आलं नाही, असं नंतर मीही तिला विचारलं. नाव बदललेलं, ठिकाण बदललेलं, चार वाक्यं इकडची तिकडं केलेली. उसवून दुसऱ्या दोऱ्यानं शिवलेला ब्लाऊज आपल्यालाच चटकन ओळखू येत नाही, म्हणाली.

वीस मिनिटांनी बेळगावच्या एका कन्नड गिऱ्हाइकानं तिला कन्नडमधला मेसेज पाठवला आणि काळजीनं विचारलं, हे खरं का? त्यात एका कन्नड ड्रायव्हरला मराठी लोकांनी मारलं होतं. जागा हीच, वेळ हीच. सीटखाली डबा, दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, न उघडलेलं झाकण.

दोन ड्रायव्हरांच्या दोन बायका एकच डबा बांधणार नाहीत. मंगलनं भरमूला फोन लावला, परत लावला, लावतच राहिली.

हायवे त्या दिवशी शांत होता, तिथं काहीच झालं नव्हतं. आतल्या रस्त्यावरच्या एका गावात मात्र कन्नड मेसेज आधी पोचला होता. तिथं पंधरा-वीस जण रस्त्यावर उतरले होते, आणि त्यांना कोल्हापूरची नंबरपट्टी दिसली. दगड काचेतून आत आला. त्याच गावातल्या एका म्हाताऱ्या कन्नड शेतकऱ्यानं पोरांना शिव्या घालत भरमूला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला. डावा डोळा गेला.

संध्याकाळी मंगल माझ्या दारात उभी होती. हातात जुनी वही, तिनं लिहिलेल्या मेसेजांची. पान उघडून तिनं माझ्यासमोर धरलं. "सर, माझी भाकरी त्यांच्याकडं कशी गेली?"

मी तिच्यासमोरच निशांतला फोन लावला. त्याचा आवाज मऊच होता. "सर, ते साहित्य माझं नसतं, संस्थेचं असतं. संस्थेनं निधी देणाऱ्या कंपनीला दिलं. त्यांनी पुढं कुणाला दिलं, हे मी कसं सांगणार?"

"देणार आहेत, हे तुला माहीत होतं?"

"करारात होतं, सर."

"मंगलला तो करार वाचून दाखवलास?"

"सही केली होती ना ताईंनी. इंग्रजीत होता."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एक मात्र खरं, बोलताना मला सारखी ती स्कूटर आठवत होती.

पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहिणाऱ्या ह्याच, आणि तक्रार देणाऱ्याही ह्याच?" अर्ज घेतला, पोच दिली. पुढं काही नाही.

मंगलनं ग्रुपवर लिहिलं, "तो मेसेज खोटा आहे. तो मी लिहिला होता." खाली उत्तरं आली. आक्का, कुणी दबाव टाकलाय काय? घाबरू नका, गाव तुमच्या मागं हाय. तिचं खोटं गावानं एका मिनिटात मानलं होतं, खरं मानायला आठवडा लागला. मग ती नागुबाईच्या घरी गेली. मीही गेलो, दाराशीच उभा राहिलो.

"का लिवलीस गं?" नागुबाईनं विचारलं.

"अभ्यासासाठी, मावशी."

"कसला अभ्यास?"

मंगल माझ्याकडं वळून बघायला लागली. मला ते त्या बाईला सांगता आलं नाही. अजूनही येणार नाही.

चार महिन्यांनी निशांतचा निबंध छापून आला. त्यानं मला तो आदरपूर्वक पाठवला, "आपल्या आशीर्वादानं" असं वर लिहून. मंगलनं मला तो मराठीत सांगायला लावला. सीमाभागात बारीक घरगुती तपशील असलेला खोटा संदेश साध्या संदेशापेक्षा कितीतरी वेगानं पसरतो, असा त्याचा शोध होता. ताजं उदाहरण म्हणून आमचाच प्रसंग दिलेला.

"भरमूचं नाव हाय काय?"

"नाही. 'एका वाहनचालकास इजा', एवढंच."

"आणि डब्याची खूण कुणी सांगितली म्हणून?"

"'स्थानिक साहाय्यकाच्या मदतीनं', असं आहे."

निबंधाचे कागद तिनं मागून घेतले आणि वहीत ठेवले. निशांतला त्यावर कुठल्या तरी परदेशात व्याख्यानाला बोलावलंय, असं त्याचा बाप मला बाजारात सांगत होता. मी भाजी न घेताच घरी आलो.

मी आता दर रविवारी उचगावला जातो. काही करायला नाही, मंगलच्या मशीनसमोर खुर्चीत बसतो. गेल्या रविवारी नागुबाई मोबाईल घेऊन आली. जुनी सवय, पाय आपोआप इकडं वळले असतील. एका दवाखान्यात अपघातात डोळा गेलेल्यांना कृत्रिम डोळा फुकट बसवणार, असा मेसेज होता. मंगलनं हातातलं काम खाली ठेवलं. दवाखान्याला फोन लावला, तारीख विचारली, डॉक्टरचं नाव विचारलं, कागदपत्रं कुठली लागतात तेही विचारून एका चिठ्ठीवर लिहिलं. "खरं हाय, मावशी," ती म्हणाली. "मी आत्ता त्यांच्याशीच बोलले. भरमूला घेऊन जावा."

"बरं," म्हणून नागुबाईनं चिठ्ठी घेतली आणि ती बाहेर गेली.

अंगणातून अंगणवाडीत शिकवणारी सौम्या चालली होती. नागुबाईनं तिला थांबवलं, मोबाईल तिच्या हातात दिला. "सौम्या, जरा वाचून बघ गं. खरं काय हे?"

खिडकी उघडीच होती. आम्हां दोघांनाही ऐकू आलं. मी उठायला लागलो, तशी मंगलनं मला हातानं बसायची खूण केली.

"बरोबर हाय तिचं, सर," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली. तो काही केल्या ओवला जाईना.